लेओनीची राहिलेली घंटा

मी पोटावर पालथी पडले होते आणि माझ्या नाकासमोरची काचेची पट्टी तुटली होती.

आदल्या दुपारी मीच ती बसवली होती. दगडी छताला गेलेल्या भेगेवर काचेची पट्टी आडवी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवून टाकायची. काच वाकत नाही, दबत नाही, कुणाची भीडभाड ठेवत नाही. भेग जराशी हलली की ती तुटते. आमच्या कामात तिला साक्षीदार म्हणतात. माझा साक्षीदार एका रात्रीत साक्ष देऊन मोकळा झाला होता.

आता मी कुठे होते ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई छतावर पालथी पडून करत काय होती. फ्रान्सच्या मध्यभागी शांब्रोल नावाचं लहानसं गाव, तिथलं नऊशे वर्षांचं देऊळ. आमच्या वसईत आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, मीही तेच म्हणणार. या जुन्या देवळांना वर कौलांचं छप्पर असतं आणि त्याच्या खाली दगडाचं गोल छत असतं. खाली बसून प्रार्थना करणाऱ्याला फक्त हे गोल छत दिसतं. दोन्हींच्या मध्ये एक पोकळी असते. तिथे कबुतरं, धूळ आणि आमच्यासारखी माणसं रांगत असतात.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सेसिलिया तुस्कानो, गाव भुईगाव, तालुका वसई. मुंबईत आर्किटेक्ट झाले आणि जुन्या इमारतींचं काम शिकायला तिकडे गेले. माझे साहेब रोशे दोन तासांच्या अंतरावर शहरात असायचे. त्यांनी मला एकटीला शांब्रोलला पाठवलं होतं. "मापं घे, भेगा टिपून ठेव आणि घाबरू नकोस," असं सांगून. पहिल्या दोन गोष्टी मला जमत होत्या.

भेगेला कान लावला तर आतून बारीक आवाज येत होता. चाळणीतून रवा पडावा तसा. भिंतीच्या पोटातून काहीतरी खाली सरत होतं.

दगडाचं छत कशावर उभं असतं म्हणाल तर भिंतींच्या भरवशावर. माणसांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रेलावं, तसे ते दगड रेललेले असतात. पाय घट्ट तोवर सगळं घट्ट. एकाचा पाय सरकला की सगळे गेले. इथे उत्तरेकडच्या भिंतीचा पाय सरकत होता आणि नेमका तिच्याच वर घंटेचा मनोरा होता.

छताला घंटेच्या दोराचं भोक होतं. त्यातून मी खाली पाहिलं. सोलांज खुर्च्या मांडत होती.

सोलांज म्हणजे त्या देवळाचं सगळं काही. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, पण जिभेला अजून धार. झाडलोट तिची, फुलं तिची, घंटाही तिचीच. गावात कुणी गेलं की दोर ओढायला तीच यायची. त्या दिवशी ती जास्तच मन लावून काम करत होती, कारण गेली होती तिची बालमैत्रीण लेओनी. लेओनी गावच्या मेयरची आई. थोड्याच वेळात तिची शवपेटी येणार होती आणि सगळं गाव तिच्या मिस्सेला, म्हणजे मर्तिकाच्या प्रार्थनेला, या छताखाली बसणार होतं.

"मादाम सोलांज," मी भोकातून हाक मारली, "जरा बाहेर जाता का?"

तिने मान वर केली. "का ग पोरी? तुझ्यामुळे धूळ पडते म्हणून? मी पुसते ना."

"पुसू नका. बाहेर जा."

"आज लेओनी यायची आहे," ती म्हणाली आणि पुढची खुर्ची ओढली.

गावात फोनला रेंज फक्त दफनभूमीच्या भिंतीपाशी यायची. तिथे जाऊन मी साहेबांना फोन लावला. काच तुटल्याचं सांगितलं.

"एकालाही आत जाऊ देऊ नकोस," ते म्हणाले. "मी निघतो. पण देऊळ बंद करायचा अधिकार तुला नाही आणि मलाही नाही. तो मेयरचा."

हे तिकडचं खास. शंभर वर्षांपूर्वी कायदा झाला आणि जुनी देवळं गावांच्या मालकीची झाली. देव फादरचा, भिंती मेयरच्या. त्यामुळे छत गळलं तर लोक फादरकडे जात नाहीत, मेयरकडे जातात. मेयर म्हणजे काही मोठी असामी नव्हे हं. चाळीस घरांच्या गावालाही मेयर असतो. मी आपली मनात त्यांना सरपंचच म्हणायचे. नाव एतिएन व्हालादू, धंदा गाईगुरांचा, हात फावड्यासारखे.

सरपंच घरात काळा कोट घालून उभे होते. आतल्या खोलीत आई पेटीत होती.

मी काच तुटल्याचं सांगितलं. माझी फ्रेंच तेव्हा मोडकीतोडकी, त्यात भीतीने आणखी मोडली. तरी त्यांना कळलं.

"मिस्सा अंगणात होऊ दे," मी म्हटलं. "नाहीतर शेजारच्या गावात."

"माझ्या आईचा बाप्तिस्मा त्या देवळात झाला. लग्न तिथेच झालं. माझ्याही डोक्यावर तिथेच पाणी ओतलं. आता तिला शेवटचं शेजारच्या गावात नेऊ?"

"छत धोक्याचं आहे."

"कधी पडेल?"

"सांगता येत नाही."

"आज?"

"आज पडू शकतं. दहा वर्षं उभंही राहू शकतं."

"मग तुम्ही शिकलात काय?" ते म्हणाले. रागाने नव्हे, खरंच कळत नसल्यासारखे.

मग ते खिडकीशी गेले. तिथून देवळाची उत्तरेची भिंत दिसत होती. गुळगुळीत, राखाडी.

"ती भिंत माझ्या वडिलांनी वाचवली आहे. ते मेयर होते तेव्हा भिंत भुसभुशीत झाली होती, बोट घातलं तर चुना निघायचा. त्यांनी सिमेंट आणलं. सगळ्या गावाने सुट्टीच्या दिवशी येऊन वाळू ओढली. मी एवढासा होतो, मी बादल्या दिल्या. कुणी एक पैसा घेतला नाही. आजही बघा, एक ओरखडा नाही."

आता याला काय सांगायचं? तीच तर अडचण होती. त्या भिंती म्हणजे बाहेरून दगड, आतून दगड आणि मध्ये चुन्यात कालवलेली खडी. चुना श्वास घेतो. पावसाचं पाणी आत गेलं तरी उन्हाळ्यात बाहेर येतं. शांब्रोलच्या लोकांनी मायेने तिच्यावर सिमेंटचा रेनकोट चढवला. पाणी छपरातून आणि जमिनीतून आत शिरतच राहिलं, बाहेर यायची वाट मात्र बंद झाली. चाळीस वर्षं भिंत आतल्या आत भिजत राहिली आणि तिच्या पोटाचा ओला रवा झाला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आमच्या वसईच्या पॅरिशमध्येही लोक असंच करतात. रविवारी मिस्सा झाली की बाह्या सरसावून देवळाला सिमेंट लावतात आणि वर जेवण घालतात. म्हणून मला त्या माणसाचा राग येईना.

"तुमच्या वडिलांनी चांगल्या मनानेच केलं," मी म्हटलं. "पण भिंत आतून राहिलेली नाही."

"आईला आज त्याच देवळात नेणार," सरपंच म्हणाले. "पाहिजे तर कमी वेळ थांबू."

"निदान घंटा तरी नको. घंटा झुलली की मनोरा झुलतो."

"ते सोलांजला तुम्ही सांगा. माझी छाती नाही."

माझीही नव्हती.

मिस्सा सुरू झाली तेव्हा मी आत होते. का, ते मला विचारू नका. बाहेर उभं राहायचं ठरवलं होतं. पण म्हाताऱ्या बाया एकमेकींना धरून आत जाताना दिसल्या, पांगळ्या गृहस्थाची चाकाची खुर्ची दोघांनी उचलून पायरीवर चढवली आणि माझे पाय आपोआप आत गेले. जीव मुठीत धरून म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

पेटी वेदीसमोर दोन लाकडी घोड्यांवर ठेवली होती. तिच्यावर काळं कापड. दोर तिच्या बाजूलाच, खांबाला गुंडाळलेला. खांबापाशी सोलांज उभी. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"मादाम सोलांज, आज घंटा वाजवू नका," मी कुजबुजले.

तिने मान वळवली नाही. "आमचा शब्द झाला होता. जी आधी जाईल तिची घंटा दुसरीने वाजवायची. पेटी उंबऱ्यावर आली की सुरू, खड्ड्यात उतरेपर्यंत थांबायचं नाही."

"छत पडेल."

"माझा नवरा गेला तेव्हा गुडघाभर बर्फ होता. मला उठवत नव्हतं. लेओनीने येऊन घंटा वाजवली. हाताची सालं निघाली तिच्या. तू मला छताचं काय सांगतेस."

फादर प्रवचन करत होते. फादर अमेवी आफ्रिकेतल्या टोगो देशातले. वीस-पंचवीस गावांना मिळून ते एकटेच. तेही माझ्यासारखेच तिथे परके. लेओनीच्या हातच्या सफरचंदाच्या पाईबद्दल ते काहीतरी बोलले आणि लोक रडता रडता हसले. त्या हसण्यात मला पुन्हा तो आवाज ऐकू आला. या वेळी भेगेला कान लावायची गरज नव्हती.

काळ्या कापडावर एक पांढरी रेघ उमटली.

बारीक चुना वरून पडत होता, धार धरून. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या सरपंचांनी हात लांब करून तो तळव्याने पुसला. आईच्या डोक्यावरचा पदर सारखा करावा तसा पुसला. पुन्हा रेघ उमटली. पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा त्यांचा हात तसाच पेटीवर राहिला आणि त्यांनी वर पाहिलं.

ओरडावंसं वाटत होतं. पण ते एकच दार, त्यातून एका वेळी दोन माणसं जेमतेम जायची. ओरडले असते तर छत पडायच्या आधी माणसं दारातच चेंगरली असती. आणि त्या गोंधळात ती चाकाची खुर्ची?

तेव्हा मला भुईगाव आठवलं. आमच्याकडे मर्तिकाच्या मिस्सेत बोलणारे बोलत असतात, रडणारे रडत असतात, बाहेर पानाला चुना लावणारे लावत असतात. कुणी कुणाचं ऐकत नाही. पण पेटी उचलली की सगळे गप्प उठतात आणि मागे चालू लागतात. कुणाला सांगावं लागत नाही. ढकलाढकली नाही, घाई नाही. मेलेल्या माणसाला मागे टाकून कुणी पुढे जात नाही.

मी सरपंचांपाशी जाऊन गुडघ्यावर बसले.

"आईला बाहेर न्या," मी म्हटलं. "आत्ता. काही बोलू नका, फक्त पेटी उचला. पेटी निघाली की सगळे निघतील."

"मिस्सा अर्धी आहे," ते म्हणाले.

"हो."

"पवित्र पाणी शिंपडायचं राहिलंय. लोकांनी निरोप घ्यायचा राहिलाय."

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाच्या डोळ्यांत मला माझीच भीती दिसली आणि वर तिच्याहून वाईट काहीतरी. मग ते उठले. पुढच्या रांगेतल्या पुतण्यांना त्यांनी मानेने खूण केली. कुणाला काही कळलं नाही, पण मेयर उठले म्हणून तेही उठले आणि त्यांनी पेटीला खांदा दिला.

फादर वाक्याच्या मध्येच थांबले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, कापडावरचा चुना पाहिला, वर एकदा पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही. कोपऱ्यातला क्रूस उचलला आणि पेटीच्या पुढे चालू लागले. त्या माणसाचे उपकार मी आजही मानते.

लोक उठले. चकित होऊन, एकमेकांकडे बघत, पण उठले आणि रांगेने चालू लागले. चाकाची खुर्ची उचलली गेली. मी एकेकाच्या पाठीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, चला, चला, चला. इतक्या हळू चालणारी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत.

पेटी उंबऱ्यावर पोचली. माझ्या मागे दोर सुटल्याचा आवाज झाला.

सोलांजने दोर दोन्ही हातांनी धरला होता. मी धावले आणि तिच्या हातांच्या वर दोर पकडून तो वर ताणून धरला.

"सोड," ती म्हणाली.

"नाही."

"लेओनी निघाली. सोड."

मी सोडला नाही. तिच्यात ताकद होती हो. म्हातारी दोर ओढतेय, मी वर ताणतेय, दोघींच्या केसांवर चुना पडतोय. शेवटी तिने दोर सोडला. माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही. मग ती पेटीच्या मागे चालती झाली. लेओनी व्हालादू बिनघंटेची गेली.

मीही बाहेर आले. सगळे बाहेर होते. मी देवळाकडे वळून पाहिलं.

काही झालं नाही. देऊळ जसंच्या तसं उभं होतं. मनोऱ्यावर कबुतरं बसली होती.

खड्ड्यापाशी कुणी उघड बोललं नाही, पण मागे कुजबुज चालू होती. आईला अर्ध्या मिस्सेतून पोत्यासारखं बाहेर काढलं. कुणाच्या सांगण्यावरून, तर त्या परक्या पोरीच्या. सरपंच ताठ उभे राहून माती टाकत होते. थोड्या वेळाने साहेब आले, त्यांनी वर जाऊन पाहिलं आणि दाराला कुलूप घालायला लावलं. टेकू लावायला माणसं पुढच्या आठवड्यात येतील म्हणाले. मला तिथेच राहून लांबून लक्ष ठेवायला सांगून ते गेले.

मग सुरू झाली दुसऱ्या जातीची भीती. रोज सकाळी उठायचं, खिडकीतून पाहायचं, देऊळ उभं. दुपारी उभं. संध्याकाळी उन्हात सोन्यासारखं उभं. गावात पाव घेऊन गाडी यायची, तिथे रांगेत माझ्या पुढेमागे जागा रिकामी राहायची. सोलांज मला बघून रस्ता ओलांडायची. माझा स्वतःवरचा भरवसा उडत चालला. एका तुटक्या काचेवरून मी एका बाईचा शेवटचा मान हिरावून घेतला की काय?

चौथ्या का पाचव्या दिवशी सरपंच माझ्या दारात आले. दाढी वाढलेली, टोपी हातात.

"पडेल ना?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बापाने वाचवलेलं देऊळ पडावं अशा आशेने हा माणूस विचारत होता, म्हणजे आईला तसं नेल्याचं काहीतरी कारण त्याच्यापाशी राहील. इकडे आड तिकडे विहीर. मी हो म्हटलं असतं तरी त्याचं नुकसान आणि नाही म्हटलं असतं तरी नुकसानच.

"माहीत नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लांबून फेरी मारत होते. देवळाच्या बाजूला फुलांच्या बादल्या आत न्यायचं एक छोटं दार आहे. ते उघडं होतं. कुलूप मोठ्या दाराला घातलं होतं, या दाराची किल्ली सोलांजच्या एप्रनच्या खिशात असते हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी उंबऱ्यावर जाऊन आत पाहिलं. खुर्च्यांवर बोटभर चुना साचला होता. छतातली भेग आता खालूनही दिसत होती, हात जाईल एवढी. आतला आवाज थांबत नव्हता. मधेच बोराएवढा खडा पडायचा आणि टप् वाजायचा. सोलांज दोरापाशी उभी होती. डोक्याला काळा रुमाल, मर्तिकाला बांधतात तसा.

खरं सांगते, पळून जावंसं वाटलं. माणसं गोळा करून आणावीत असं स्वतःला सांगितलंही. पण तोवर तिने दोर ओढला असता. मी आत पाऊल टाकलं. तिथपर्यंत जायला किती वेळ लागला कुणास ठाऊक, पण मी सगळा वेळ वर पाहत होते, त्यामुळे दोन खुर्च्यांना आपटले.

"जा पोरी," ती म्हणाली. रागावलेली नव्हती, हे जास्त भयंकर होतं. "तुझं अजून लग्न व्हायचंय. मी काय, माझं झालंच आहे. तिची घंटा वाजवते आणि येते. नाही आले तर नाही आले."

"ओढलीत तर येणार नाही तुम्ही."

"शब्द दिला होता."

मला तिच्यापेक्षा शहाणं असं काही सुचत नव्हतं. दोर पकडायची हिंमतही उरली नव्हती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. बसले म्हणजे पाय गेले म्हणून बसले.

"मग मीही इथेच," मी म्हटलं.

"वेडी आहेस का?"

"मला उठवत नाही. तुम्ही वाजवा. फक्त एक सांगा. लेओनीची घंटा तुम्ही वाजवाल. मग आपल्या दोघींची कोण वाजवणार?"

ती दोर धरून उभी राहिली. एक खडा आमच्या दोघींच्या मध्ये पडला. तिने तो पाहिला. ती काहीतरी मोजत असल्यासारखी ओठ हलवत होती. गावात दोर ओढणारं तिच्यामागे दुसरं कुणी नव्हतं, हे तिच्या बहुधा पहिल्यांदाच ध्यानात येत होतं.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

तिने दोर सोडला नाही, तर नीट खांबाला गुंडाळून ठेवला, घंटा चुकून हलू नये म्हणून. मग माझ्या काखेत हात घालून मला उठवलं. ती मला बाहेर घेऊन आली, मी तिला नव्हे. छोट्या दाराला किल्ली लावून ती तिने माझ्या हातात दिली आणि घरी गेली.

देऊळ दुसऱ्या दिवशी सकाळी पडलं.

पावाची गाडी आली होती, सगळे रांगेत होते. आधी कबुतरं उडाली, सगळी एकदम. मग मनोऱ्याचं टोक किंचित कलतंय असं दिसलं, एखादा म्हातारा खुर्चीत पेंगतो तसं. मग ते दिसेनासं झालं. पायाखालची जमीन हलली आणि आवाज आला तो पोटातच आला, कानांनी मागाहून ऐकला. पांढरा धुरळा गल्लीतून आमच्या अंगावर आला. एक बाई मटकन खाली बसली. माझा हात कुणीतरी घट्ट धरला होता. पाहिलं तर सोलांज होती.

धुरळा बसला तेव्हा आम्ही गेलो. वेदीसमोरची जागा, जिथे पेटी होती, जिथे ती पांगळ्या गृहस्थाची खुर्ची होती, जिथे आदल्या दिवशी आम्ही दोघी होतो, तिथे पुरुषभर उंचीचा दगडांचा ढीग होता. छताला भगदाड पडून वरचं आभाळ दिसत होतं. लोक त्या ढिगाकडे बघत होते आणि मग हळूच सरपंचांकडे. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. देवळासाठी काढली की सरपंचांसाठी, ते मला सांगता येणार नाही.

सरपंच मात्र ढिगाकडे बघतच नव्हते. ते उत्तरेच्या भिंतीपाशी उभे होते. भिंतीच्या आतलं सगळं वाहून पडलं होतं, दगडही आणि चुनाही. उरला होता फक्त सिमेंटचा पापुद्रा, हातभर रुंद तुकड्यांत, एकटाच उभा. त्याच्या आतल्या बाजूला दगडांचे ठसे होते. वडिलांनी मारलेलं सिमेंट शाबूत होतं, भिंत गेली होती. त्यांनी त्याला हात लावला आणि ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मी जवळ गेले नाही.

घंटा ढिगाच्या कडेला गवतात पडली होती, आडवी. काठाला तडा गेला होता. सोलांज घरी जाऊन लाकडी मोगरी घेऊन आली. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने घंटेवर पहिला ठोका घातला. आवाज फुटका होता, पातेल्यावर मारल्यासारखा. पण मर्तिकाची घंटा जशी थांबत थांबत वाजते, तशीच ती वाजवत होती. लोक उभे राहिले. ज्यांना गुडघे टेकता येत होते त्यांनी टेकले. लेओनीला उंबऱ्यावरून खड्ड्यापर्यंत जायला जेवढा वेळ लागला होता, तेवढा वेळ सोलांज थांबली नाही.

मग थांबली. तळहात एप्रनला पुसले.

"एतिएन," तिने हाक मारली. "इकडे ये."

सरपंच आले. तिने मोगरी त्यांच्या हातात दिली.

"लेओनीची झाली," ती म्हणाली. "आता देवळाची वाजव. त्याचीही कुणीतरी वाजवायला हवी."

ते गवतात बसले आणि त्यांनी ठोका घातला. जोरात, फार जोरात, रागाने मारावा तसा. तडा गेलेली घंटा किंचाळली. दुसराही तसाच. त्यांचे खांदे हलत होते.

सोलांजने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दफनभूमीची भिंत तिथून पाच-दहा पावलांवर होती.

"हळू," ती म्हणाली. "तुझा बाप पलीकडेच निजलाय."

सरपंचांनी मान हलवली आणि ते हळू वाजवू लागले.